नॉर्डश्लायफेची एक फेरी, बाजूच्या सीटवरून

रेसिंग कार चालवणाऱ्याला सहसा मळमळत नाही. मळमळतं ते शेजारी बसलेल्याला. गाडी तीच, वळणं तीच, धक्केही तेच. फरक एवढाच, की स्टिअरिंग धरणाऱ्याला पुढे काय येणार ते ठाऊक असतं आणि त्याचं अंग अर्धा सेकंद आधीच तयार होतं. शेजारच्याचं अंग प्रत्येक वेळी उशिरा पोचतं. म्हणून जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकच्या नॉर्डश्लायफे या भागावर पॅसेंजर म्हणून बसायचं ठरवलं असेल, तर आदल्या रात्री ट्रॅकचा नकाशा समोर ठेवून निदान दहा-बारा वळणं पाठ करा. गाडीच्या आतून घेतलेले ऑनबोर्ड व्हिडिओही बघा, पण नकाशाबरोबर.

ट्रॅक आयफेलच्या डोंगरात आहे. १९२७ साली खुला झाला. लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं सत्तरच्या वर, सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. 'हिरवा नरक' हे नाव रेसिंग ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टचं. कोलोनपासून अंतर नव्वदेक किलोमीटर, जवळचं गाव आदेनाऊ. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असली तर फार सोयीचं जातं. फक्त भाड्याची गाडी ट्रॅकवर घालू नका, बहुतेक करारांत त्याला सरळ मनाई असते.

बुकिंग करताना एक गोष्ट नीट विचारून घ्या. 'टॅक्सी', म्हणजे पैसे देऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसून घ्यायची फेरी. या एका नावाखाली दोन वेगळे प्रकार विकले जातात. पब्लिक सेशनमध्ये, म्हणजे 'टूरिस्टेनफार्टन'मध्ये, ट्रॅक हा टोल भरून वापरायचा एकेरी रस्ता असतो. तिथे जर्मनीचे वाहतुकीचे नियम लागू होतात, ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचं असतं आणि गाडी रस्त्यावर चालवायला पासिंग झालेलीच लागते. स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या गुळगुळीत टायरची खरी रेसिंग कार या सेशनला येऊच शकत नाही. इथली टॅक्सी म्हणजे ताकदवान रोड कार: साधा सीटबेल्ट, एसी चालू, आणि सोबत हॅचबॅक, कधी एखादी व्हॅनसुद्धा. आतून रिकामी केलेली, रोल केजची (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याची), स्लिक टायरची गाडी हवी असेल तर ट्रॅक खास राखून ठेवलेल्या दिवसाचं बुकिंग लागतं, नाहीतर शेजारच्या ५.१४८ किलोमीटरच्या ग्रां प्री सर्किटवरचं. पहिल्यांदाच बसणाऱ्याने आधी रोड कारची फेरी घ्यावी असं माझं मत आहे. ट्रॅक समजतो आणि पोटाची परीक्षाही होते.

पार्किंगमध्ये भेटलेला कुणी 'चल, पैसे दे, फिरवून आणतो' म्हणाला तर बसू नका. पैसे घेऊन पॅसेंजर फिरवायला ट्रॅकची परवानगी लागते, आणि ती नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. स्वतःचा प्रवास विमाही वाचून बघा, मोटरस्पोर्ट बहुधा वगळलेला असतो. डिक्लेरेशनवर सही करण्याआधी गाडीचं नुकसान झालं तर पॅसेंजरवर काही येतं का, ते विचारा. तिथे कडेची गार्डरेल वाकली तरी दुरुस्तीचं बिल लावतात, टोइंगचं वेगळं.

वेळ शक्य तितकी लवकरची घ्या. अपघात झाला की ट्रॅक बंद, आणि गाडी उचलणं, तेल पुसणं, रेल बदलणं यात तासभर सहज जातो. दुपारच्या स्लॉटवर सकाळचा सगळा उशीर चढलेला असतो. त्याच संध्याकाळचं विमान तर पकडूच नका. हवेचंही तसंच. खाली ब्राइडशाइडला ऊन असताना वर होहे आख्टला पाऊस, हे इथे नेहमीचंच. पावसात फेरी होते पण संथ होते. फक्त धुकं किंवा बंद ट्रॅक असेल तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, हे लेखी घ्या.

फेरीच्या दोन तास आधी हलकं खा. रिकामं पोट भरल्या पोटाइतकंच वाईट. मळमळीची गोळी घ्यायची तर आधी डॉक्टरांना विचारा आणि घरी एकदा घेऊन बघा, अनेकांना त्याने गुंगी येते. कपडे सुती हवेत. सिंथेटिक कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं, म्हणून ओव्हरऑलच्या आतही नको. पातळ तळव्याचे बूट, नाड्या आत खोचलेल्या. किल्ल्या, नाणी, फोन सगळं बाहेर. एक सुटं नाणं ड्रायव्हरच्या पेडलखाली गेलं तर काय होईल याचा विचार करा. हातात फोन धरून शूटिंग कुठेही चालत नाही. गाडीतल्या कॅमेऱ्याचं फुटेज मिळेल का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. चष्मा असेल तर आधी बालाक्लावा (हेल्मेटच्या आत घालायची कापडी टोपी), मग हेल्मेट, मग चष्मा. हेल्मेट घट्टच हवं: गालफडं दाबली गेली पाहिजेत आणि हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. कानात बोळे घाला, रेसिंग कारमध्ये आवाज अडवायला आत काही नसतं.

रेसिंग कारच्या आत शिरणं हेही एक काम आहे. दारात रोल केजची आडवी नळी असते. गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह असेल तर तुम्ही उजवीकडे. आधी डावा पाय आत, मग नळीवर टेकून बूड बकेट सीटमध्ये, म्हणजे अंगाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या खोल सीटमध्ये, सोडायचं, शेवटी उजवा पाय आणि डोकं. मग सहा पट्टे. मेकॅनिक बांधून देतो, पण क्रम तुम्हालाही माहीत हवा. कमरेचा पट्टा पोटावर नाही, खाली, कुल्ल्याच्या हाडांवर. त्यानंतर मांड्यांमधले, आणि मग खांद्यावरचे, हान्सच्या पंखांवरून. हान्स म्हणजे मानेला आधार देणारं कॉलरसारखं यंत्र, ते दोन दोऱ्यांनी हेल्मेटला जोडलेलं असतं. समोरून धडक बसली तर डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून. ओढताना आधी कंबर, पुरता श्वास सोडून, टोचेपर्यंत. कंबर ढिली ठेवून खांदे ओढले की मधलं बक्कल वर पोटावर चढतं. मग वीस किलोमीटर ते पोटात रुततं, आणि धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो. मळमळ या बक्कलापासूनही सुरू होऊ शकते. बांधून झालं की डोळे मिटून हाताने बक्कल शोधा आणि कसं फिरतं ते दोनदा करून बघा, कारण हान्स लावल्यावर मान खाली वाकत नाही.

पाय पुढच्या फूटप्लेटवर रोवलेले, गुडघे किंचित वाकलेले, हात मांडीवर. केजच्या नळीला धरू नका. गाडी उलटली तर बोटं तिथेच सापडतात. खुणा आधी ठरवा: अंगठा वर म्हणजे ठीक, तळहात डॅशकडे दोनदा दाबला की हळू. इंटरकॉम असला तरी खुणा ठरवाच.

पब्लिक सेशनची गाडी डॉटिंगर होहेच्या सरळ पट्ट्यावरून आत शिरते, त्यामुळे सुरुवात टिअरगार्टनपासून होते. टायर थंड असतात, ड्रायव्हर संथ वाटतो. घाईने मत बनवू नका. हात्सेनबाखला डाव्या-उजव्या वळणांची माळ सुरू होते आणि पोटाचा पहिला कल तिथेच कळतो. नजर दूर, पुढच्या वळणाच्या आतल्या कडेवर ठेवा. डॅशकडे, स्पीडोमीटरकडे बघितलंत की संपलं. फ्लुगप्लात्सच्या उंचवट्यावर गाडी हलकी होते आणि पोट वर येतं. त्या क्षणी श्वास सोडा. श्वेडेनक्रॉइत्स हे झपाट्याचं डावं, आणि लगेच आरेमबेर्गच्या उजव्यासाठी जोराचा ब्रेक. ब्रेकच्या आधीच डोकं मागे टेकलेलं हवं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलोच्या आसपास धरा. रेसिंग कार दीड जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट जोराने थांबते तेव्हा मानेला नऊ किलो पेलावे लागतात.

मग फुक्सरोहरेचा उतार. तळाशी सगळं वजन सीटमध्ये दाबलं जातं आणि लागलीच चढ. पोटाचे स्नायू तळ येण्याआधी आवळा, तळाशी पोचल्यावर उपयोग नाही. चढानंतर आदेनाऊअर फोर्स्टचं फसवं डावं-उजवं, पाहुणे ड्रायव्हर हमखास गवतात जातात ते हेच. वेअरझाइफेनवरून ब्राइडशाइडच्या पुलावर, म्हणजे ट्रॅकच्या तळाला. तिथून चढण. बेर्गवेर्कच्या आधीच्या डाव्या वाकणावर १ ऑगस्ट १९७६ रोजी फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडाची फेरारी जळली. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत नॉर्डश्लायफेवर झाली नाही. बेर्गवेर्कनंतर केसेलखेनचा लांब चढ येतो. श्वास सावरायची हीच जागा, कारण बरेच जण तोवर श्वास धरूनच बसलेले असतात.

कारुसेलला दात मिटलेले ठेवा, पण आवळू नका, आणि बोलू नका. गाडी डाव्या हाताच्या काँक्रीटच्या तिरप्या खोबणीत एका धक्क्याने उतरते. काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर ठोका बसतो, तो पाठीच्या कण्यातून थेट हेल्मेटमध्ये जातो. उजवीकडे बसलेल्याचं डोकं सीटच्या कडेवर आपटतं. ते आधीच तिथे टेकवून ठेवलं तर आपटत नाही. बाहेर पडतानाचा धक्का आत शिरतानापेक्षा मोठा असतो, तेव्हा खोबण संपेपर्यंत अंग सैल सोडू नका. पाठीचं दुखणं असणाऱ्याने या एका वळणासाठी तरी फेरीचा फेरविचार करावा. गरोदर बाईने बसूच नये.

होहे आख्टनंतर विपरमान, एशबाख, ब्रुनखेन ही वळणं एकामागून एक येतात, आणि उलटी व्हायचीच असेल तर इथे होते. प्लान्ट्सगार्टनच्या दोन उड्या अजून बाकी असतात. तोंडात पाणी सुटायला लागलं की लगेच खूण करा, लाजू नका. ड्रायव्हरला हळू जाणं परवडतं, गाडी धुणं नाही. श्वाल्बेनश्वान्त्सनंतर छोटं कारुसेल, हे मात्र उजवं, मग गाल्गेनकोप्फ आणि सरळ पट्टा. फेरीला गाडी आणि गर्दी पाहून आठ ते दहा मिनिटं लागतात.

मध्येच गाडी बंद पडली तर ड्रायव्हर सांगेल तेव्हा बक्कल फिरवा, रेलच्या बाजूने उतरा आणि थेट गार्डरेलच्या पलीकडे जा. फोटो काढत गाडीजवळ रेंगाळू नका. मागून येणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही.

उतरल्यावर लगेच स्वतःच्या गाडीत बसू नका. निदान अर्धा तास पाणी पीत थांबा. पाय थरथरतात ते थांबतं, पण वेगाची जाणीव त्यानंतरही बिघडलेलीच राहते. बाहेरच्या रस्त्यावर ताशी शंभर म्हणजे रांगल्यासारखं वाटतं, आणि गावांत मर्यादा पन्नासची. पहिले काही किलोमीटर अंदाजावर न जाता काट्याकडे बघूनच चालवा.