टेम्परेचर राइज टेस्टमधला सगळ्यात दुर्लक्षित आकडा

पॉवर ट्रान्सफॉर्मरची टेम्परेचर राइज टेस्ट, म्हणजे पूर्ण लोडवर तो आजूबाजूच्या हवेपेक्षा किती तापतो याची चाचणी, म्हटलं की रात्रभराचं जागरण आठवतं, ठराविक वेळाने टॉप ऑइल (टाकीतलं सगळ्यात वरचं ऑइल), रेडिएटरचं वरचं-खालचं आणि आजूबाजूच्या हवेचं तापमान लिहीत बसायचं. पण माझं ठाम मत आहे की टेस्टचा निकाल बराचसा आधीच ठरलेला असतो, कोल्ड रेझिस्टन्स, म्हणजे टेस्टआधी थंड वाइंडिंगचा (आतल्या तांब्याच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स, घेतला तेव्हाच.

आधी पद्धत थोडक्यात सांगतो. टेस्ट बेमध्ये मोठ्या ट्रान्सफॉर्मरला खरा लोड देणं जमत नाही, म्हणून एका बाजूची टर्मिनल्स शॉर्ट करून दुसऱ्या बाजूने कमी व्होल्टेजवर करंट सोडतात. यात कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) चुंबकीय फ्लक्स नावालाच असतो म्हणजे कोअर लॉस, गाभ्यात उष्णता होऊन वाया जाणारी वीज, जवळजवळ येतच नाही, मग तेवढी उष्णता भरून काढायला करंट रेटेडपेक्षा थोडा वाढवायचा. समजा नो-लोड लॉस (म्हणजे हाच कोअर लॉस) २० किलोवॅट आणि लोड लॉस (करंटमुळे मुख्यतः वाइंडिंगमध्ये होणारा) १००, तर १२० किलोवॅट आत टाकायचे, त्यासाठी करंट साधारण साडेनऊ टक्के जास्त लागतो. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर हाताशी असतील तर बॅक-टू-बॅक पद्धत छान, त्यात कोअर लॉस आणि कॉपर लॉस दोन्ही खरे मिळतात, पण असा योग क्वचित येतो.

टॉप ऑइलच्या वाढीचा वेग तासाला १ केल्विनच्या खाली येऊन ३ तास तसाच राहिला की ऑइलचा भाग संपला. मग करंट रेटेडवर आणून १ तास चालवायचं, आणि शटडाऊन.

इथून पुढे खरी धावपळ. वाइंडिंगचं सरासरी तापमान थर्मामीटरने मोजता येत नाही, ते रेझिस्टन्सवरून काढायचं, आणि सप्लाय बंद झाल्या क्षणापासून वाइंडिंग थंड व्हायला लागलेलं असतं. शॉर्टिंग लिंक सोडवा, डीसी जोडा, वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे डीसी करंट स्थिर व्हायला वेळ लागतो त्यामुळे पहिली एक-दोन रीडिंग भरवशाची नसतात, ती सोडून पुढची १५-२० मिनिटं रीडिंग घेत राहायचं आणि कर्व्ह मागे ओढून शून्य क्षणाचा रेझिस्टन्स काढायचा.

आता हिशोब बघा. कॉपरसाठी २३५ हा आकडा: तांब्याचा रेझिस्टन्स (तापमान + २३५) च्या प्रमाणात बदलतो. कोल्ड रेझिस्टन्स ३० अंशाला घेतला आणि गरम रेझिस्टन्स त्याच्या १.२ पट आला, तर २६५ गुणिले १.२ म्हणजे ३१८, त्यातून २३५ वजा, ८३ अंश. या ३१८ मुळेच रेझिस्टन्समधली १ टक्का चूक थेट ३ अंशांना पडते!

एकदा आमच्याकडे वाइंडिंग राइज मर्यादेबाहेर गेली. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नैसर्गिक ऑइल प्रवाहात सरासरी वाइंडिंगची मर्यादा ६५ केल्विन, आम्ही त्याच्या ४ वर. डिझाइनवाले रात्रभर ग्रेडियंटचे (वाइंडिंग आणि ऑइलच्या तापमानातल्या फरकाचे) आकडे तपासत होते आणि चूक निघाली कोल्ड रेझिस्टन्सच्या कागदावर. थंड वाइंडिंगचं तापमान ऑइलच्या सरासरीइतकंच धरतात, पण इथे गरम ऑइल भरून नीट थंड होऊ न देताच घाईत रीडिंग घेतलेलं, टॉप पॉकेट (वरच्या थर्मामीटरची जागा) ३८ अंश, तळाचं ऑइल ३०, आणि कागदावर फक्त ३८ लिहिलेलं. सरासरी ३४ धरायला हवी होती. ४ अंशांची चूक १.२ ने वाढून जवळजवळ ५ झाली. ट्रान्सफॉर्मर चांगला होता.

तेव्हापासून मी वर-खालचा फरक २-३ अंशांवर येईपर्यंत थांबतो आणि तिन्ही तापमानं, म्हणजे टॉप, बॉटम आणि सरासरी, कोल्ड रेझिस्टन्सच्या शेजारीच लिहायला लावतो, शेड्यूल कितीही मागे पडलेलं असो.