तीन शिंगांची म्हैस

रविवार, रात्री साडेनऊ

पाठ भरून आलीय. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या दिसायला देखण्या, पण साठीच्या कमरेला मानवत नाहीत. पुढच्या खेपेला घडीचं स्टूल न्यायचं, असं मागच्या रविवारीही याच वहीत लिहून ठेवलेलं दिसतंय. बाम चोळून घेतला, आता लिहायला बसलेय.

सकाळी सातला यांनी स्कूटरवरून सोडलं. धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, फक्त नदीतल्या लहान देवळांचे कळस आणि दीपमाळा वर आलेल्या. पावसाळ्यात हीच देवळं पाण्याखाली जातात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. आता डिसेंबरात नदी गरीब गाय झालीय. दगड ओला असला की काळा न दिसता निळसर दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की बरोबर तो रंग मिळतो, काळ्या ट्यूबला हात लावायची गरज पडत नाही. हे मी एकतीस वर्षं वर्गात सांगितलं. स्वतः घाटावर बसून मिसळून बघितलं ते या नोव्हेंबरात.

आमच्या या मेळ्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच (कोल्हापुरात हे विशेष). रविवारी सकाळी ज्याला जमेल त्यानं यायचं, कुठल्या तरी एका जागी बसायचं, समोर दिसेल ते काढायचं. कधी रंकाळ्याचा संध्यामठ, कधी टाऊन हॉलची बाग, कधी भवानी मंडप. साडेनऊला सगळ्यांनी आपापले कागद पायरीवर नाहीतर कट्ट्यावर ओळीनं मांडायचे. मग चहा. पाच माणसं असतात, कधी पंधरा. एक रिक्षावाले मामा आहेत, स्टँडवर नंबर लागेपर्यंत चाळीस पानी वहीत पेनानं काढत बसतात. पॉलिटेक्निकचा एक पोरगा आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, ते फक्त झाडं काढतात. आणि सातवीतली एक मुलगी आईला घेऊन येते. आई चित्र काढत नाही, मटार सोलते.

यांच्यात मी कशी पोचले?

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ कशाला देतात कोण जाणे, तासाची घंटाच बंद झाल्यावर वेळ बघून करायचं काय? माझ्या जागेवर नंतर कुणी आलं नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, एवढीच तरतूद. पूर्ण वेळचा ड्रॉइंग मास्तर ही जात आता संपत आली. अर्थात मी होते तेव्हा तरी काय चित्रकला चालली होती? दाराबाहेरचं फलकलेखन, पाहुणे आले की रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा, जिन्यातले सुविचार. गणिताच्या सरांना पोर्शन संपवायला ड्रॉइंगचा तास हवा असायचा. ड्रॉइंगला गणिताचा तास मिळाला असं एकदाही घडलं नाही. राग आता नाही. थोडा आहे.

तर घरी बसल्यावर वाटलं, आता आपलं चित्र काढू. कार्ट्रिज पेपर आणला, आठ नंबरचा ब्रश नवा घेतला, जेवणाच्या टेबलावर बसले. काही म्हणता काही होईना. समोर बरणी ठेवली तर हातातून फळ्यावरची बरणी यायची: मधोमध अक्ष, वर लंबवर्तुळ, उजवीकडे सावली. जणू मागे चाळीस पोरं बसलीत आणि त्यांना कळलं पाहिजे. आठ महिने तो कागदाचा गठ्ठा कपाटावर पडून होता.

मग ऑक्टोबरात रंकाळ्यावर फिरायला गेले असताना ही मंडळी कठड्याला टेकून बसलेली दिसली. मी मागे उभी राहिले. शिक्षकी सवय, कुणी काढत असेल तर मागे उभं राहायचंच. रिक्षावाले मामा मान वळवून म्हणाले, “उभ्या का? बसा की हिकडं.” कागद त्यांनीच फाडून दिला, वहीतला, रेघांचा.

पहिल्या दोन रविवारी मी सोडून सगळं ठीक होतं. तिसऱ्या रविवारी जे झालं ते लिहायला आजवर हात धजला नव्हता. पॉलिटेक्निकचा पोरगा शेजारी बसून दीपमाळ काढत होता आणि ती चुकत होती. खालच्या पायऱ्यांचा गोल वरच्याइतकाच चपटा आला होता. नजरेच्या रेषेपासून खाली जाल तसा गोल उघडत जातो, हे सातवीच्या पोरालाही समजतं. मी काय केलं? त्याच्या मांडीवरचा बोर्ड ओढला, पिशवीतून खोडरबर काढलं, त्याची रेघ पुसली आणि माझ्या 4 बी पेन्सिलनं चार गोल घालून दिले. “हां, आता बघ.” त्यानं बघितलं. काही बोलला नाही. कागद क्लिपमधून काढून खाली ठेवला आणि नवीन लावला.

मामा पलीकडून शांतपणे म्हणाले, “बाई, ते आता तुमचं झालं. त्येला दुसरं काढाय पायजे.”

त्या दिवशी मी चहा न घेता घरी आले. डोक्यात एकच हिशेब चालला होता. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसवलेली इतकी पोरं, त्यांच्या सरावाच्या कागदांवर माझी पेन्सिल किती फिरली असेल? पालक खूश असायचे, श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण. मीही खूश. घरी जाऊन त्या पोरांनी नवीन कागद घेतला असेल का?

पुढच्या रविवारी न जाण्याचं ठरवलं होतं. यांनीच स्कूटर काढली. “बाम संपवायचाय का घरी बसून?” पोरानं जागा धरून ठेवली होती. विषय कुणीच काढला नाही. खोडरबर तेव्हापासून पिशवीच्या तळाला आहे.

आता आजचं. धुकं विरल्यावर खालच्या पायरीवर धुणं सुरू झालं आणि गवळ्याच्या चार म्हशी पाण्यात उतरल्या. पाडव्याला शिंगांना लावलेला जांभळा रंग अजून टोकाला टिकून होता. मला हुरूप आला. नदीचं पाणी भांड्यात घेतलं (पंचगंगेचं पाणी ब्रश बुडवायला तेवढं चालतं, त्यापुढचं बोलायला नको), आभाळ ओल्या कागदावर सोडलं, ते छान उतरलं. घाटाच्या पायऱ्या झाल्या. मग माणसं. हात झरझर चालला. धुणाऱ्या दोन बायका काढल्या, एक वाकलेली, एक कमरेवर घागर घेऊन चढणारी.

पोरगा माझ्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ. मग विचारलं, “बाई, घागर कुठं दिसली तुम्हाला?”

मी वर बघितलं. घाटावर घागर नव्हती. निळी प्लास्टिकची बादली होती, लाल टब होता, एका बाईच्या कमरेला खोचलेला मोबाईल होता. घागर आली होती स्मरणचित्राच्या पेपरातून. ‘पाणवठा’ हा विषय मी इतक्या वर्षांत इतक्यांदा फळ्यावर काढून दाखवला होता की ती बाई माझ्या मनगटात जाऊन बसली होती. तोच पदर, तीच मान, तीच घागर. समोरची बाई मॅक्सीवर टॉवेल टाकून उभी आणि मी तिला नऊवारी नेसवून मोकळी!

मला इतकं हसू आलं की पाण्याचं भांडं लवंडलं. पोरगाही हसला. मटार सोलणाऱ्या आई म्हणाल्या, “असू द्या हो, घागर बरी दिसतीय.” म्हटलं, बरी दिसतीय तेच वाईट आहे.

चित्रकार आबालाल रहमान यांची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. मुंबईला शिकून कोल्हापुरात परत आले, शाहू महाराजांचा आश्रय, रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांची निसर्गचित्रं. 1922 साली महाराज गेले तेव्हा त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं सांगतात. पोरं गप्प होऊन ऐकायची. मी मात्र इतक्या वर्षांत कोटितीर्थाच्या काठावर कागद घेऊन एकदाही बसले नव्हते. चहा पिताना हे बोलून गेले, तर पुढचा रविवार तिथंच ठरला.

त्याआधी कागद मांडले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मामांनी प्रत्येकावर खडा ठेवला. माझी एक बाई घागरवाली, दुसरीच्या हातात घाईनं रंगवलेली निळी बादली, आणि पाण्यात म्हैस. तेवढ्यात गवळी वर आला. सगळ्या कागदांवरून नजर फिरवून माझ्यापाशी थांबला.

“ही आमचीच न्हवं?”

“तुमचीच.”

“मग शिंग चुकलंय. हिचं डावं शिंग खाली वाकडं हाय. लहानपणी दाव्यात अडकलेलं.”

मी उठून बघितलं. खरंच की. मी दोन्ही शिंगं सारखी काढली होती, मधोमध अक्ष धरून. गवळ्यानं कागदावर ओलं बोट टेकवून वळण दाखवलं, एक थेंब राहिला तिथं. पेन्सिल त्याच्या हातात दिली असती तर त्यानंच काढलं असतं बहुतेक. मला द्यायला सुचलं नाही. मीच वाकून ते डावं शिंग खाली वळवून काढलं. पहिलं पुसलं नाही, रंग वाळला होता.

घरी आल्यावर कागद फ्रिजवर मॅग्नेटनं लावला. यांनी चष्मा लावून नीट बघितलं.

“म्हशीला तीन शिंगं आहेत.”

“हो.”

“एलिमेंटरीत नापास,” असं म्हणून हे भाजी काय आहे ते बघायला गेले.