सवंगणीच्या दिवसांतला खांदा

शुक्रवार, रात्री

सोयाबीनची सवंगणी लागली की गावच्या व्यायामशाळेत खांदा धरलेली पोट्टी दिसायला लागतात. दिवसभर वावरात राबायचं, कट्टे ट्रॉलीत चढवायचे आणि संध्याकाळी त्याच खांद्यावर बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलायचा व्यायाम, मारायचा. पोलीस भरती डोळ्यांपुढे असते, म्हणून खाडा करायला कोणी तयार नसतं. वहीत मात्र फक्त रॉडचं वजन लिहिलेलं. पन्नास-साठ किलोचे कट्टे वर उचलले किंवा १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन दिवस काढला, तर खांद्याचा व्यायाम झालाच की! तोही वहीत लिहावा आणि त्या दिवशी प्रेस मारू नये. एवढं पाळलं तरी बरंच दुखणं टळेल असं मला मनापासून वाटतं.

दुखतं नेमकं कुठे, ते आधी पाहावं. हात बाजूने हळूहळू वर न्यायचा. साधारण ६० ते १२० अंशांत चमक निघाली आणि त्याच्या वर गेल्यावर कमी झाली, दंडाच्या बाहेरच्या अंगाला दुखलं, रात्री त्या कुशीवर झोपवलं नाही, तर बहुतेक वेळा ते रोटेटर कफचं दुखणं असतं. हे चार लहान स्नायू. खांद्याची खोबण उथळ आणि हाडाचा गोळा मोठा, त्यामुळे तो जागेवर धरून ठेवायचं काम या चौघांचं. छाती आणि पुढचा खांदा वाढवायच्या नादात हे मागे राहतात, आणि ओझं एकदम वाढलं की यांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, दुखावतात. दुखणं खांद्याच्या वरच्या टोकाला, बोट ठेवून दाखवता येईल असं असेल आणि हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेताना वाढत असेल, तर हासळीच्या हाडाचा सांधा दुखावलेला असू शकतो. असं दुखणाऱ्यांनी डिप्स, म्हणजे दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं, आधी बंद करावेत.

बेंचवर चुका ठरलेल्या आहेत. कोपर थेट बाजूला, काटकोनात फाकवलेलं असतं. ते अंगापासून ४५ ते ६० अंशांत ठेवावं. पाठीची दोन्ही पाती मागे-खाली दाबून धरावीत. रॉड छातीला टेकताना मनगटाखाली कोपर सरळ उभ्या रेषेत यावं, पकड तेवढीच रुंद. आणखी एक गोष्ट कोणी बघत नाही. गावात वेल्डिंग करून घेतलेल्या बेंचचे हुक बरेचदा फार मागे असतात. एकट्याने तिथून रॉड काढताना खांदा सगळ्यात कमजोर अवस्थेत पूर्ण वजन घेतो. साथीदाराने रॉड काढून द्यावा. दुखतंय तोवर जमिनीवर पडून प्रेस मारावा, कोपर फरशीला टेकतं आणि खांदा जास्त खाली जात नाही. मानेमागून प्रेस आणि हनुवटीपर्यंत ओढायचा अपराइट रो हे दोन्ही सोडून द्यावेत.

भरतीचा गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. तो फेकायचा नसतो, मानेजवळून ढकलायचा असतो. कोपर खाली पडलं की सगळा झटका खांद्यावर येतो. पायाचा जोर आधी, हात शेवटी. गोळ्याचा आणि प्रेसचा दिवस वेगळा ठेवावा.

खांद्याला पूर्ण आराम देऊन झोपवून ठेवू नये, आखडतो. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायचं, हाताची मागची बाजू भिंतीवर ३० ते ४५ सेकंद दाबायची, असं चार-पाच वेळा. दुखणं उतरू लागलं की सायकलची जुनी ट्यूब कोपराच्या उंचीवर खिडकीच्या गजाला बांधावी, काखेत टॉवेलची घडी धरावी आणि हात बाहेर फिरवावा. १५ चे तीन सेट, एक दिवस आड. घाई केली की कोपर अंगापासून सुटतं आणि काम मोठा स्नायूच करून टाकतो. सोबत रोइंग ठेवावं, ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे ओढण्याचे निदान दोन. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि सकाळी निवळलं तर चालतं. सकाळी जास्त दुखलं तर वजन उतरवायचं.

दुखण्याचं इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी वजन मारणं मला अजिबात पटत नाही. दुखणं झाकलं जातं, इजा तशीच राहते. दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर रोज दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडालाही धोका आहे.

हात वर उचलताच येत नसेल, पडल्यावर एकदम ताकद गेली असेल, मुंग्या बोटांपर्यंत जात असतील, तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. खांदा निखळला असेल तर गावात कोणाकडूनही ओढून बसवून घेऊ नये. हात झोळीत बांधून दवाखान्यात न्यावं. डाव्या खांद्यासोबत छातीत दाब आणि घाम आला, तर तो खांद्याचा प्रश्न समजू नये, लगेच १०८ ला फोन करावा.

टेंडनला सावरायला ६ ते १२ आठवडे लागू शकतात. प्रेस पुन्हा सुरू करताना जुन्या वजनाच्या निम्म्यावर यावं आणि आठवड्याला एकूण अडीच किलोच वाढवावेत. कापूस वेचणीत कट्टे-गाठोडी उचलायची पाळी आली, तर त्या आठवड्यात तेही वाढवू नयेत.