अदामा डिएंग यांच्यावर एलएलएमचं डिझर्टेशन केलं, त्याचा अनुभव

एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशन असतं आणि आमच्याकडे बहुतेक जण कलम १३८ चा चेक बाऊन्स नाहीतर पोटगी घेऊन मोकळे होतात, मी मात्र नरसंहार रोखण्याचा कायदा घेतला आणि त्यातही सेनेगलचे कायदेतज्ज्ञ अदामा डिएंग, आफ्रिकेतल्या रवांडातल्या नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या कोर्टात काम केलेले. घरी सांगितलं तर मावशी म्हणे, "हाई रवांडा कोठे शे वं माय?" विषय मंजूर करणाऱ्या कमिटीचाही प्रश्न साधारण तोच होता, फक्त प्रमाण मराठीत. धुळ्यात बसून आफ्रिका कशाला, याचा भारताशी संबंध काय, एक पानाची नोट द्या.

नोट लिहिताना उलट केस मजबूत झाली. नरसंहारविरोधी करार १९४८ चा, भारताने त्याला १९५९ ला मान्यता दिली, पण आपल्या फौजदारी कायद्यात हा गुन्हाच नाही. १९८४ च्या शीखविरोधी दंगलीतल्या सज्जन कुमार प्रकरणात २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने हे स्पष्ट लिहिलंय, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यातही तसं कलम नाही. विषय मंजूर!

आता डिएंगच का? हा माणूस जज म्हणून मोठा झाला नाही, कोर्टाच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे कामकाज सांभाळणाऱ्या ऑफिसातून, वर आला. आधी सेनेगलमध्ये खालच्या कोर्टांचे आणि मग सुप्रीम कोर्टाचे रजिस्ट्रार, १९८२ ला इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स ही मानवाधिकारासाठी काम करणारी कायदेतज्ज्ञांची संस्था, तिथे १९९० ते २००० सेक्रेटरी जनरल, मग २००१ ते २०१२ टांझानियातल्या अरुशाला रवांडा ट्रायब्युनलचे (१९९४ च्या नरसंहारासाठी युनोने नेमलेलं कोर्ट) रजिस्ट्रार, आणि तिथून नरसंहार रोखण्यासाठी युनोच्या महासचिवांचे विशेष सल्लागार, २०२० पर्यंत. सगळे निकालाची पारायणं करतात, रवांडातल्या अकायेसू नावाच्या महापौराचा १९९८ चा निकाल म्हणजे आंतरराष्ट्रीय कोर्टाने नरसंहारासाठी दिलेली पहिली शिक्षा वगैरे, पण त्या ट्रायब्युनलपुढे तीन हजारांवर साक्षीदार येऊन बोलले ते कुणामुळे? त्यांना देशाबाहेर आणायचं, ठेवायचं, नावं झाकायची, दुभाषे द्यायचे, परत घरी पोचवायचं, हे सगळं रजिस्ट्रीच्या गळ्यात. मला तर इथेच खरं मानवाधिकाराचं काम दिसलं.

हे मला दिसलं कारण मी दिवसभर कोर्टात असते. आमच्या एका मारहाणीच्या केसमध्ये अक्कलकुव्याकडच्या एक आजी साक्षीला आल्या होत्या, समन्स प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून पदराला बांधलेलं, पहाटेच्या एसटीने आलेल्या, आणि बाहेर एकच बाकडं, त्यावर आरोपीचे दोन भाऊ. ते काही बोलले नाहीत, नुसते बसून होते. पुकारा झाला तेव्हा आजींना काहीच आठवेना. साक्षीदार फितूर, संपलं. साक्षीदार संरक्षण योजनेला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच मान्यता दिलीय, पण बाकडं तेच. हा प्रसंग मी नाव-गाव वगळून प्रकरण ३ मध्ये घातला, गाईड मॅडम आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या राहू दे.

लिखाण मे महिन्यात झालं. धुळ्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. नरसंहारासारख्या गुन्ह्यांचा धोका आधीच ओळखायला युनोने २०१४ ला आराखडा केला, त्यात चौदा धोक्याचे घटक आहेत, आठ सामाईक आणि सहा त्या त्या गुन्ह्याचे, त्याचे प्रिंटआउट उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवून ओला पंचा डोक्यावर. पण वाचताना घाम विसरायला होतं, कारण त्यात मृतदेह मोजत नाहीत, आधीच्या खुणा बघतात: जुन्या गुन्ह्यांना शिक्षा झाली का, पोलीस-कोर्टावर लोकांचा भरवसा आहे का, एखाद्या गटाबद्दल जाहीरपणे काय बोललं जातंय, निवडणुकीसारखं निमित्त जवळ आलंय का.

प्लॅजियरिझम रिपोर्टबद्दल न बोललेलं बरं. कराराचं कलम २, म्हणजे नरसंहाराची व्याख्या, जसंच्या तसं दिलं तर सॉफ्टवेअर त्यालाही चोरी म्हणतं, आता कायदा काय माझ्या शब्दात लिहू?

व्हायव्हाला बाहेरून आलेले सर म्हणाले, रजिस्ट्रारला ज्युरिस्ट म्हणायचं का, तो तर प्रशासक. मी म्हटलं सर, साक्षीदार आलाच नाही तर जजसाहेब निकाल कशावर लिहिणार? ते हसले, पुढचा प्रश्न सल्लागाराच्या अधिकारांवर होता आणि तो खरंच अडचणीचा, कारण त्या पदाकडे ना कोर्ट ना फौज, वेळेवर इशारा द्यायचा आणि सुरक्षा परिषदेने ऐकायची वाट बघायची. यावर माझ्याकडे काही भारी उत्तर नव्हतं, तसंच सांगितलं. मार्क चांगले पडले.

कुणाला हाच विषय घ्यायचा असेल तर पुस्तकांवर पैसे घालू नका, ट्रायब्युनलचे निकाल आणि तो आराखडा नेटवर फुकट आहेत. बाइंडिंगच्या कॉपी मात्र एक जास्तीची काढा, ऑफिसात एक हमखास गहाळ होते.