गूळ-वेलदोड्याची कॅपुचिनो : माझा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात मुलगी पुण्याहून लातूरला आली, तेव्हा तिच्या आवडीची फ्लेवर्ड कॅपुचिनो घरीच करून द्यावी असे मनात आले. बाटलीतले तयार सिरप मला नको होते. इथल्या गंजगोलाई बाजारातून आणलेला गूळ आणि वेलदोडे घरात होतेच, त्यांचाच स्वाद कॉफीत उतरवायचे ठरवले.

कॅपुचिनोला एस्प्रेसो, म्हणजे दाबाने काढलेली दाट कॉफी, लागते. एस्प्रेसो यंत्रात सुमारे 9 बार दाबाने गरम पाणी कॉफीतून जाते, तर आमच्या मोका पॉटमध्ये, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायच्या भांड्यात, हा दाब दीड बारच्या आसपासच असतो. त्यामुळे त्यातल्या कॉफीला खरी एस्प्रेसो म्हणता येत नाही, पण दूध घातल्यावरही चव टिकेल इतकी दाट ती नक्की होते. पहिल्या वेळी मी चिकोरी (एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ) मिसळलेली पूड वापरली आणि चिकोरीच्या करपट कडवटपणात वेलदोडा पार हरवला. आपल्याकडे अशा मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणून पाकिटावरचे प्रमाण आता मी आधी वाचते. पाण्याचेही तसेच. आमच्या बोअरच्या जड पाण्यातील क्षारांनी कॉफीचा हलका आंबटपणा मारला जातो आणि ती मिळमिळीत लागते, म्हणून फिल्टरचे पाणी घेते.

गुळाने मात्र परीक्षा पाहिली. दुधातच गूळ घालून उकळी आणली, तर दूध फाटले, कारण गुळातील आम्लता आणि क्षार उकळत्या दुधाला सोसत नाहीत. मग 100 ग्रॅम गूळ चार चमचे पाण्यात विरघळवून, त्यात सहा ठेचलेले वेलदोडे आणि दालचिनीचा लहान तुकडा घालून पाच मिनिटे मंद आचेवर ठेवला आणि पाक गाळून गार केला. दालचिनीची पूड घालू नये, कारण ती विरघळत नाही आणि घोटाघोटाला जिभेवर येते. हा पाक कपाच्या तळाशी दोन चमचे घालायचा आणि त्यावर गरम कॉफी ओतून नीट ढवळायचे. दुधाची पाळी त्यानंतर.

सर्वांत जास्त दिवस गेले ते फेसापायी. दूध जितके घट्ट तितका फेस चांगला, अशी माझी समजूत होती, म्हणून आधी म्हशीचे सायीसकट दूध घेतले. फेस आला, पण जड होता आणि लगेच बसला. फेसाचे बुडबुडे धरून ठेवतात ती दुधातली प्रथिने, स्निग्धांश नव्हे, हे कळल्यावर आमच्या गवळ्याकडचे देवणी गाईचे दूध उकळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी साय काढून वापरले. ते 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवायचे. 70 च्या पुढे गेले की फेस विरळ होतो आणि दुधाला उकळल्याचा वास येतो. माझ्याकडे थर्मामीटर आहे, पण तो नसला तरी पातेल्याला बाहेरून हात लावून धरवेनासे झाले की गॅस बंद करावा.

घरच्या लाकडी रवीने घुसळून पाहिले. बुडबुडे मोठे आले, ताकावर येतात तसे. शेवटी फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दांडा असलेल्या कॉफीच्या भांड्यात, दूध ओतून दांडा वीस-पंचवीस वेळा भरभर खालीवर केला, भांडे ओट्यावर दोनदा आपटले आणि गोल फिरवले, तेव्हा कुठे तो मऊ, चकचकीत फेस मिळाला ज्याची मी वाट पाहत होते. दीडशे मिलिलिटरच्या कपात पाक आणि कॉफी मिळून तिसरा हिस्सा, बाकी दूध आणि फेस, हे प्रमाण आम्हा दोघींना पटले.

पाहुणे आले तर मोका पॉट एकदाच भरते, पण दूध दोन-दोन कपांचेच घुसळते, कारण फेस पाच मिनिटेही थांबत नाही आणि शेवटच्या माणसाच्या कपात नुसते दूध जाते.