डबल आहे का?

"मुलगा आत गेलाय का?" कार्ड शोच्या दारात मला हा प्रश्न अजून विचारतात. दारावरचा माणूस सज्जन आहे, पण सत्तेचाळीस वर्षांची टिकलीवाली बाई काखेत पांढरा लांबट खोका घेऊन बेसबॉलची कार्डं बदलायला आली असेल, हे काही त्याच्या डोक्यात शिरत नाही. मुलगा आत गेलेला नसतो. रविवारी सकाळी नऊ वाजता तो घरी घोरत असतो.

खरं तर हे खूळ त्याचंच. २०२०च्या उन्हाळ्यात शाळा बंद, खेळणं बंद, तेव्हा बारा वर्षांच्या पोराने बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांची कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या पाकिटांचा ध्यास घेतला. नेमकं तेच अर्ध्या अमेरिकेला सुचलेलं. कार्ड तपासून एक ते दहा गुण देणाऱ्या पीएसए कंपनीकडे एवढे ढीग साचले की मार्च २०२१मध्ये त्यांनी बहुतेक नवी कामं घेणं थांबवलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, पिस्तूल निघालं, आणि टार्गेटने दुकानातली कार्डविक्रीच काही काळ बंद केली. आमचे चिरंजीव कार्डं विकून श्रीमंत होणार होते. सोळाव्या वर्षी त्यांना गिटार सापडली. कार्डं माझ्या गळ्यात पडली.

पण मी अडकले ती त्याच्या चकचकीत कार्डांत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या मागच्या गल्लीत एका घरी गॅरेज सेल होता. तिथे पंधरा डॉलरला बुटांचा खोका मिळाला, त्यात चारेकशे जुनी कार्डं. पांढरी किनार, खाली संघाचं नाव वळणदार, जोडून लिहिलेल्या अक्षरांत, वरच्या कोपऱ्यात छोट्या चेंडूत खेळाडूची जागा लिहिलेली. १९७८ची टॉप्स. माझं जन्मवर्ष. म्हटलं, हा संच पुरा करायचा.

संच ७२६ कार्डांचा. आता ७२६ का, सातशे का नाहीत? मलाही हा आकडा विचित्र वाटायचा. टॉप्स एका मोठ्या तावावर १३२ कार्डं छापायची. सहा ताव म्हणजे ७९२. त्यातून ७२६ वजा केले तर उरतात ६६, म्हणजे बरोबर अर्धा ताव. ती ६६ कार्डं दोनदा छापलेली. म्हणून काही चेहरे प्रत्येक जुन्या खोक्यात चार-चार वेळा भेटतात आणि काही वर्षभर दर्शन देत नाहीत. कार्डाच्या पाठीमागे एक खेळही आहे. प्रत्येकावर एक निकाल छापलेला, कुणावर 'सिंगल', कुणावर 'फ्लाय आउट'. गड्डी पिसायची, एकेक उलटायचं, धावा मोजायच्या. बर्फामुळे घरात अडकलो होतो तेव्हा नवऱ्याने मला यात सतरा-चारने हरवलं. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

आणि मी एक नियम केला: एकही कार्ड पैसे देऊन घ्यायचं नाही. फक्त अदलाबदल. मुलाच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण यातली बहुतेक कार्डं फोनवरून चार आण्यांच्या भावात घरपोच येतात. बरोबर आहे त्याचं. पण मिरजेत आम्ही काडेपेटीची चित्रं जमवायचो तेव्हा कुठे पैसे होते? वडील रेल्वेत, त्यामुळे लांबलांबच्या काडेपेट्या प्लॅटफॉर्मवर मिळायच्या, हे आमचं भांडवल. संध्याकाळी ओट्यावर बसून एकच प्रश्न: "डबल आहे का?" डबल असेल तर बोलणं पुढे. नसेल तर उठायचं, चप्पल घालायची, दुसऱ्या गल्लीत जायचं.

इथेही प्रश्न तोच, फक्त इंग्रजीत.

शोमध्ये दोन जाती असतात. एक, काळी कुलपाची पेटी घेऊन फिरणारी तरुण मुलं. पेटीत फोम, फोममध्ये जाड प्लास्टिकच्या वड्यांत बंद केलेली कार्डं. ते एकमेकांशी बोलताना फोनकडे बघतात, कारण मागच्या विक्रीचा भाव तिथे असतो. सत्तर डॉलरचं कार्ड, साठचं कार्ड, वर दहा रोख. व्यवहार चोख, पण मला त्यात पतपेढीत बसल्यासारखं वाटतं. दुसरी जात कोपऱ्यातल्या टेबलाची. तिथे आम्ही सात-आठ जण. प्रत्येकाकडे नऊ कप्प्यांच्या पानांचं जाड बाड आणि घडी घालून मऊ झालेली 'हवी आहेत'ची यादी. इथले नियम कुणी लिहिलेले नाहीत. दुसऱ्याच्या बाडातलं कार्ड विचारल्याशिवाय कप्प्यातून काढायचं नाही. कोपरा मऊ असेल, घडी असेल, तर आपणच आधी सांगायचं. पहिलीच मागणी समोरच्याच्या आवडत्या संघाच्या कार्डाची करायची नाही. मध्य जर्सीत ही मोठी अडचण, कारण इथे यांकीज, मेट्स आणि फिलीज तिघांचेही भक्त एकाच टेबलावर बसतात.

पोस्टातूनही चालतं. ओहायोतल्या एका गृहस्थांशी माझी दोन वर्षं देवघेव आहे, आवाज मात्र कधी ऐकलेला नाही. पातळ प्लास्टिकची पिशवी, त्यावर टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, आणि त्याच्या तोंडाला निळी टेप, ती रंगारी लोक भिंतीला लावतात ती. टेपचं एक टोक दुमडलेलं, म्हणजे नखाने खरवडावं लागत नाही. पहिल्यांदा मी साधी चिकट पारदर्शक टेप लावून पाठवलं होतं. त्यांनी परत पाठवलेल्या पाकिटात पाच कार्डं होती आणि निळ्या टेपचं एक अख्खं रीळ. चिठ्ठी नव्हती.

माझ्या भांडवलाचं सांगायचं तर, १९८७ ते १९९१ची कार्डं कुणी फुकटही घेत नाही. त्या वर्षांत लोकांना वाटलं, आपल्या पोराचं कॉलेज यातून होणार. कंपन्यांनी मागणी बघून बेसुमार छापलं आणि सगळ्यांनी सगळं जपून ठेवलं. माझ्याकडे १९८७ची लाकडी किनारीची सहाशे कार्डं आहेत. जपलेल्या वस्तूला भाव नसतो. याची दुसरी बाजू म्हणजे यांकीजच्या दिग्गज मिकी मँटलचं १९५२चं कार्ड. ऑगस्ट २०२२मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली, तेव्हा आमच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. टॉप्सच्या साय बर्गर यांनी सांगितलेली गोष्ट अशी की १९५२ची न खपलेली खोकी कोठारात पडून होती, जागा अडत होती, म्हणून १९६०मध्ये ती बार्जवर चढवून आमच्या जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली. मी हे ऐकलं तेव्हा पहिला विचार आला तो रद्दीवाल्याचा. एक रद्दीवाला गल्लीत 'पेप्पॅर' ओरडत गेला असता तर इतिहास बदलला असता.

एडी मरेचं पदार्पणाचं कार्ड, संचातलं ३६ नंबरचं, हे माझं पहिलं मोठं धाडस. त्यासाठी मुलाच्या परवानगीने बो बिशेट या आजच्या खेळाडूची दोन कार्डं दिली. ७०७ नंबरवर चार तरुण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक) चौकोनांत बसवले आहेत: पॉल मोलिटर, अॅलन ट्रॅमल, मिकी क्लट्स आणि यू. एल. वॉशिंग्टन. पैकी दोघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत गेले, मोलिटर २००४ला आणि ट्रॅमल २०१८ला. मला त्या कार्डावर क्लट्सच आवडतो. ग्रुप फोटोत मी नेहमी अशीच उभी असते.

मध्येच एक गंमत. टेबलावरच्या एका मेट्सभक्ताने मला मुद्दाम ठेवून दिलेलं एक कार्ड आणून दिलं, "हे तुझं असायला हवं." बघते तर कुमार रॉकर. टेक्सास रेंजर्स संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आई भारतीय वंशाची, सप्टेंबर २०२४मध्ये मोठ्या लीगमध्ये आला. मी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. आई चष्मा पुसून म्हणाली, "कुणाचा गं हा कुमार?" तिला वाटलं मिरजेतलाच कुणी. मग उंची विचारली, मग लग्न झालंय का विचारलं.

तर संच. गेल्या दिवाळीपर्यंत माझी ७२५ झाली होती. उरलं होतं ते मँटल-बिंटल काही नाही, तर चेकलिस्ट. संचात अशा सहा असतात, प्रत्येकीवर १२१ नावं, नावापुढे रिकामा चौकोन. मला शेवटची हवी होती, ६०६ ते ७२६. आता ही सगळ्यात फालतू कार्डं, पण झालंय काय, १९७८मधल्या मुलांनी ती ज्या कामासाठी होती त्याच कामाला वापरली. पेनने खुणा केल्या. त्यामुळे कोरी चेकलिस्ट शोधायला दमछाक होते. बुटांच्या खोक्यात एक होती, निळ्या शाईच्या खुणांनी भरलेली. त्या पोराने १२१पैकी ११२ मिळवले होते. ७०७चा चौकोन रिकामा होता. मी तो बराच वेळ बघत बसले होते.

टेबलावर वाद झाला. खुणा केलेली चालते का? दोघे म्हणाले चालते, संच पुरा समज. मला पटेना.  मी थांबले.

मग मार्चमध्ये अण्णांनी कोरी आणली. अण्णा हे अर्थात माझ्या मनातलं नाव. निवृत्त बसचालक, अडुसष्टीचे, यांकीजवाले, हातात नेहमी डंकिनच्या कॉफीचा कागदी पेला. चेकलिस्ट टॉपलोडरमध्ये, कोपरे धारदार, एक टिंब शाई नाही. मी विचारलं, काय हवं? पेला खाली ठेवून म्हणाले, "तुझा मन्सन."

इथे सांगायला हवं की अण्णा संच करत नाहीत. ते फक्त थरमन मन्सनचं १९७८चं ६० नंबरचं कार्ड गोळा करतात. एकच कार्ड. घडी पडलेलं, डागाळलेलं, पिनेने टोचलेलं, काहीही. तेव्हा त्यांच्याकडे त्रेचाळीस होती. मन्सन यांकीजचा कॅचर आणि कप्तान. २ ऑगस्ट १९७९ला ओहायोत स्वतःचं विमान उतरवण्याचा सराव करताना गेला, बत्तीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी यांकी स्टेडियममध्ये सामना होता. यांकीजचे आठच खेळाडू आपापल्या जागी जाऊन उभे राहिले, होम प्लेटमागची, म्हणजे कॅचरची जागा तशीच मोकळी. लोक कितीतरी मिनिटं टाळ्या वाजवत राहिले. अण्णा वरच्या मजल्यावर होते, बावीस वर्षांचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हातातली कार्डं नंबराने लावता लावता.

माझा मन्सन म्हणजे माझ्याकडचा एकमेव. डबल नाही. म्हणजे चेकलिस्ट आली तरी माझे पुन्हा ७२५. टेबलावर आरडाओरडा. "अगं, वेडी आहेस का, तीन कार्डं वर माग." कुणी फोन काढून भाव सांगायला लागलं. माझ्या मन्सनचा डावा खालचा कोपरा दबलेला होता, तो मी आधीच दाखवला. अण्णा म्हणाले, "तसाच हवाय."

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तुला गंडवलं." नवऱ्याने विचारलं, मग पुरा झाला का संच? मी चेकलिस्ट तिच्या कप्प्यात घातली, मग सातवं पान उघडून त्याला दाखवलं: मधली ओळ, उजवीकडचा कप्पा.

पुढच्या शोला ट्रेंटनकडचा एक जण येणार आहे. त्याच्याकडे मन्सन डबल आहे म्हणतात. पण त्याला बदल्यात १९७५ची छोट्या आकाराची टॉप्स हवीत, आणि ती माझ्याकडे नाहीत. ओहायोला पत्र टाकलंय.