ठिपका शेजाऱ्याच्या अंगणात

रिमोट आयडी, म्हणजे ड्रोन उडताना स्वतःची ओळख आणि जागा हवेतून जाहीर करतो ती सोय, म्हणलं की बहुतेक लोक एकच विचारतात, पोलिसांना कळतं का? अहो पोलिसांचं सोडा, कोणालाही कळतं. आणि कोणालाही म्हणजे नक्की कोणाला ते मला डेन्व्हरच्या दक्षिणेला गारपिटीच्या एका कामावर बघायला मिळालं. डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

मी इथे कोलोराडोत एका छोट्या कंपनीसाठी ड्रोनने छतांचं इन्स्पेक्शन करतो. उन्हाळ्याच्या तोंडाला इकडे दणदणीत गारा पडतात आणि मग इन्शुरन्सवाले, रूफिंगवाले आणि आम्ही असे सगळे एकाच गल्लीत उतरतो. बाहेरच्यांना वाटतं ड्रोन वर नेला, चार फोटो काढले, झालं. पण निम्मं काम उन्हाचं असतं. ऊन डोक्यावर आलं की शिंगलवरचा, म्हणजे छतावरच्या दाणेदार डांबरी पट्ट्यांवरचा, गारांचा मार दिसतच नाही, सगळं सपाट वाटतं, त्यामुळे सकाळचं तिरपं ऊन गाठायचं, तेव्हा प्रत्येक खळग्याच्या एका कडेला सावली धरते. आणि आधी छत बघायचंच नाही, आधी मऊ धातू बघायचे, म्हणजे गटर, व्हेंटच्या टोप्या, चिमणीभोवतीचा पत्रा. तिथे पोचे नसतील तर शिंगलवरचे काळे डाग गारांचेच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, नुसतं वय होऊन दाणे गळालेले असू शकतात. मग प्रत्येक उतारावर दहा बाय दहा फुटांचा चौकोन धरून आतले मार मोजायचे. शंभरेक फुटांवरून अख्ख्या छताचा नकाशा आणि नंतर खाली येऊन अगदी जवळून एकेक डाग. हे नीट केलं तर शिडी लावावी लागत नाही आणि छतावरून घसरून कोणाची कंबर मोडत नाही, मला या कामाचा अभिमान आहे तो यासाठी.

आता रिमोट आयडी. नियम २०२१ च्या जानेवारीत आला, उडवणाऱ्यांना तो लागू झाला १६ सप्टेंबर २०२३ ला, आणि एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, मार्च २०२४ च्या मध्यापर्यंत कारवाईत सबुरी ठेवली होती. त्यानंतर सवलत नाही. ड्रोन उडाल्यापासून बंद होईपर्यंत दर सेकंदाला ओरडून सांगत असतो, माझा नंबर हा, मी इथे आहे, इतक्या उंचीवर, इतक्या वेगाने, वेळ ही, आणि मला उडवणारा माणूस इथे उभा आहे. हे सगळं वाय-फाय नाहीतर ब्लूटूथवरून उघडं जातं, साध्या फोनवर फुकटचं अॅप टाकलं की झालं. नाव पत्ता जात नाही, तो नंबरावरून फक्त एफएए आणि त्यांच्यामार्फत पोलीस काढू शकतात. पण उभा कुठे आहे ते जातं.

आमच्या ऑफिसात यावर इतके गैरसमज आहेत की विचारू नका. एकाला वाटतं अडीचशे ग्रॅमच्या खालचा ड्रोन घेतला की मोकळं रान. ते हौसेने उडवणाऱ्यांसाठी आहे हो, आपण पैसे घेऊन पार्ट १०७ खाली, म्हणजे धंद्याच्या ड्रोनच्या नियमांखाली, उडवतो, आपल्याला वजन कितीही असो रजिस्ट्रेशन पण लागतं आणि रिमोट आयडी पण. हौशी माणूस एकाच रजिस्ट्रेशनवर सगळे ड्रोन चालवू शकतो, आपल्याला ते पण नाही, प्रत्येक ड्रोनची वेगळी नोंद, पाच डॉलर, तीन वर्षं. दुसऱ्याने वॉरंटीत ड्रोन बदलून आणला आणि जुन्याच नोंदीवर खुशाल उडवत होता, नवीन युनिटचा नंबर वेगळा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. शिवाय पुष्कळ ड्रोनच्या अंगावर छापलेला सिरीयल आणि हवेत जाणारा रिमोट आयडीचा सिरीयल हे एकच नसतात, कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो दुसरा बघावा लागतो. मी दर कामाआधी तो नंबर नोंदणीच्या कागदाशी अक्षर अक्षर ताडून बघतो. ऑफिसात त्यावरून हसतात. हसू देत.

तर त्या दिवशी. घर सेंटेनिअल विमानतळाच्या कंट्रोल्ड हवाईहद्दीत होतं, लान्समधून, म्हणजे अशा हद्दीत उडवायच्या ऑनलाइन परवानगीच्या यंत्रणेतून, परवानगी आधीच घेतलेली, आमची उंची मर्यादेच्या आत. घरमालकीणबाईंनी फोनवर सांगितलेलं की शेजाऱ्यांना कल्पना दिली आहे. मी ड्राइव्हवेच्या टोकाला, अंगात केशरी जॅकेट, आणि बरोबर व्हिज्युअल ऑब्झर्व्हर, म्हणजे ड्रोनवर नजर ठेवणारा जोडीदार, म्हणून आमचा ज्युनिअर पोरगा. मोठी उड्डाणं चालू होती, म्हणजे शंभर-एकशे दहा फुटांवरून नकाशाच्या रेघा. अशा वेळी नजर ड्रोनवरून काढायची नाही हा नियमही आहे आणि शहाणपणही.

आणि मागून आवाज आला, "तूच ना तो?"

मी वळलो नाही, पोराला म्हणलं बघ काय म्हणतायत. पण तो माणूस पोराला वळसा घालून सरळ माझ्या पुढ्यात आला, कारण त्याला शोधायचंच नव्हतं. त्याच्या फोनवर नकाशा होता, नकाशावर दोन ठिपके, एक ड्रोनचा, एक माझा. माझा ठिपका बरोबर त्या ड्राइव्हवेच्या टोकावर. तो आपल्या घरातून निघून त्या ठिपक्यावर चालत आला होता. त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला, आणि धरता धरता दुसरा हात माझ्या कंट्रोलरवर ठेवला. ढकलला नाही, ठेवला. स्टिकच्या अगदी बाजूला. मी पॉज दाबलं, ड्रोन जागच्या जागी थांबला, आणि शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं की सर, हात काढा, वर असलेली वस्तू कायद्याने विमान आहे, मला ती उतरवू द्या मग तुम्ही म्हणाल ते बोलू. हात काढायला त्याने वेळ घेतला. मला तो वेळ खूप लांब वाटला.

उतरवला. मग त्याचं म्हणणं ऐकलं, आणि इथेच माझी खरी गाडी अडलीये, कारण त्याच्या रागाला दोन आधार होते आणि दोन्ही त्याच्या फोनवर स्पष्ट दिसत होते.

पहिला, ड्रोनचा ठिपका त्याच्या मागच्या अंगणात होता. त्याची मुलगी तिथे ट्रॅम्पोलिनवर खेळत होती. ड्रोन आमच्या गिऱ्हाइकाच्या छतावर होता, कॅमेरा सरळ खाली, फ्लाइट लॉगमध्ये रेघ न् रेघ आहे. पण नियमच म्हणतो की रिमोट आयडीतली जागा खऱ्या जागेच्या शंभर फुटांत असली, तीही शंभरात पंच्याण्णव वेळा, तरी चालेल. इकडच्या सबर्बमध्ये शंभर फूट म्हणजे अख्खा शेजारचा प्लॉट. म्हणजे माझा ड्रोन नियमाप्रमाणे अगदी बरोबर काम करत असताना ठिपका त्याच्या पोरीच्या डोक्यावर दिसू शकतो. हे त्याला कोण सांगणार? अॅपवर ठिपका टाचणीच्या टोकाएवढा असतो, त्याच्याभोवती शंभर फुटांचं वर्तुळ त्या अॅपने काढलेलं नव्हतं.

दुसरा आधार तर त्याहून मोठा. त्याने कुठेतरी वाचलं होतं की ड्रोनला चारशे फुटांची मर्यादा असते, आणि ते बरोबरच आहे. त्याच्या फोनवर उंची लिहिलेली होती, पाच हजार आठशे सत्तर फूट. तो ओरडून तो आकडा वाचत होता, एव्हाना दोन-तीन शेजारी बाहेर आलेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनाही पटतंय, मी विमानांच्या वाटेत सहा हजार फुटांवर ड्रोन घातलाय. रिमोट आयडी जी उंची पाठवतो ती जमिनीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासूनची असते, ज्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. ती समुद्रसपाटीपासूनची पण अगदी नसते, या भागात दोन्हींत पन्नासएक फुटांचा फरक पडतो. डेन्व्हर मुळातच मैलभर उंच. मी जिथे उभा होतो तिथली जमीनच पाच हजार सातशे साठ दाखवत होती. त्याच स्क्रीनवर, माझ्या ठिपक्यावर बोट ठेवलं की.

मी त्याला म्हणलं, सर, माझ्या ठिपक्यावर दाबा. मी पण साडेपाच हजार फुटांच्या वर आहे आणि मी जमिनीवर उभा आहे, तुमच्यासमोर. वजाबाकी करा, एकशे दहा येतात. त्याने दाबलं, आकडा बघितला, आणि म्हणाला, म्हणजे हे सगळंच खोटं पाठवतोयस तू.

पोलीस त्यानेच बोलावले. आलेल्या बाई शांत होत्या, आणि ज्यांच्यासाठी हा नियम केलाय असं सांगतात त्या माणसाशी माझी गाठ तेव्हा पहिल्यांदा पडली. त्यांनी रिमोट पायलट सर्टिफिकेट मागितलं, फोटो आयडी मागितलं, ड्रोनची नोंद मागितली. मग स्क्रीनवरचा सिरीयल वहीत उतरवायला घेतला. वीस अक्षरांचा नंबर, पहिली चार कंपनीची, पाचवं अक्षर पुढे किती अक्षरं येणार ते सांगणारं, मग बाकीचं. मध्ये एका ठिकाणी त्यांनी ओ काढला. मी म्हणलं मॅम, ते शून्य आहे, या नंबरांच्या मानकात ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत, घोळ होऊ नये म्हणून. त्यांनी वर बघितलं, खोडलं, शून्य काढून त्याच्यावर तिरपी रेघ मारली. मग कागदावरचा नंबर आणि वहीतला नंबर बोट ठेवून जुळवला. पूर्ण जुळला. ऑफिसात ज्यावर हसतात ना, ते हे.

उंचीची वजाबाकी त्यांना एका वाक्यात कळली. त्या माणसाला त्यांनी समजावलं की काम कायदेशीर आहे, आणि उडणाऱ्या ड्रोनच्या कंट्रोलरला हात लावणं फार महागात पडू शकतं. मी तक्रार करणार का असं मला विचारलं. नाही म्हणलं. अजून ठरवता येत नाहीये की बरोबर केलं का, कारण पुढच्या वेळी तो हात कंट्रोलरवर ठेवून थांबेलच असं नाही, आणि पुढचा पायलट कदाचित एकटा असेल. पण त्याची मुलगी जाळीच्या मागून हे सगळं बघत होती आणि त्याच्या जागी मी असतो, मला काही सांगितलेलं नसतं, आणि माझ्या फोनवर माझ्या पोरीच्या डोक्यावर ठिपका असता तर मीही चालत गेलोच असतो. शेजाऱ्यांना कल्पना दिली आहे हे मालकीणबाईंचं म्हणणं म्हणजे एका बाजूच्या शेजाऱ्यांना मेसेज केला होता. त्याच्याशी त्यांचं कुंपणावरून बोलणं बंद.

एफएए रिमोट आयडीला डिजिटल नंबरप्लेट म्हणतं. नंबरप्लेटला माझी काहीच हरकत नाही, उलट हवीच. विमानतळाजवळ बेफिकीर उडवणारे असतात, जंगलातल्या आगीवर पाणी टाकणारी विमानं कोणाच्या तरी ड्रोनपायी खाली उतरवावी लागलेली आहेत, तिथे उडवणारा सापडायलाच पाहिजे. पण गाडीची नंबरप्लेट वाचून रस्त्यावरच्या कोणालाही ड्रायव्हर आत्ता कुठे उभा आहे ते कळत नाही, ते पोलीस काढतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये या नियमाचा मसुदा आला तेव्हा हजारोंनी हरकती घेतल्या, इंटरनेटवरून माहिती पाठवायची अट त्यानंतर काढून टाकली, आणि ते बरं झालं, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी काम करणारे आम्ही अडकलो असतो. पण पायलटची जागा उघडी ठेवायचं कलम राहिलं. कोर्टात पण गेलं ते, २०२२ मध्ये अपील कोर्टाने नियम कायम केला. माझं म्हणणं एवढंच की नंबर आणि ड्रोनची जागा सगळ्यांना दिसू द्या, माझी जागा ज्याच्याकडे बिल्ला आहे त्याला दिसू द्या. आणि ते अॅप बनवणाऱ्यांनी निदान जमिनीपासूनची उंची मोठ्या अक्षरात दाखवावी. पूर्ण अचूक ती पण नसेल, ड्रोनच्या उंचीत दीडशे फुटांची चूक नियमाला चालते, म्हणजे माझे एकशे दहा दोनशे साठ पण दिसू शकले असते किंवा ड्रोन जमिनीखाली गेलेला पण. तरी सहा हजारांपेक्षा बरं.

छत त्या दिवशी पूर्ण झालं नाही. सगळं निस्तरेपर्यंत ऊन वर चढलं होतं, जवळचे फोटो घेऊन उपयोग नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावं लागलं. त्यात पश्चिमेच्या उतारावर भरपूर मार निघाला, गटरला पोचे, क्लेम उभा राहील असं.

बॉसला मी दोन गोष्टी सांगितल्यात. एक, शेजाऱ्यांच्या दारावर चिठ्ठी आपणच लावायची, गिऱ्हाइकावर सोडायचं नाही, आणि त्या चिठ्ठीत लिहायचं की अॅपवर ठिपका शेजारच्या घरावर दिसू शकतो आणि उंचीचा आकडा जमिनीपासूनचा नसतो. हे त्याने लगेच मान्य केलं, छपाईला काय लागतं. दुसरी, वस्तीतल्या कामावर ऑब्झर्व्हर कायम हवा, आणि त्याचं तोंड ड्रोनकडे नाही, माझ्या पाठीमागच्या रस्त्याकडे. यावर तो म्हणतो एवढ्याशा छताला दोन माणसांचा खर्च परवडत नाही. तो स्वतः फिल्डवर शेवटचा कधी उभा राहिलाय ते त्यालाही आठवत नसेल. त्याच गल्लीत, त्या माणसाच्या घरापासून दोन घरं सोडून, पुढच्या आठवड्यात आणखी एक छत लागलंय. मी लेखी कळवलंय की माणूस मिळाला तर जाईन.